खिशाबाहेरचे हात

ब्रसेल्सहून रॉटरडॅमला जाणाऱ्या गाडीत पोलीस चढले आणि भरल्या डब्यात दोघांचेच पासपोर्ट पाहून उतरले. एक माझा. दुसरा मागच्या बाकावरच्या, माझ्यासारख्याच काळ्या तरुणाचा.

गाडी सुटताच तो सरळ माझ्या शेजारी येऊन बसला. "माझ्या शेजारची जागा नेहमी रिकामीच असते. तुमच्या?"

मला हसू आलं. तो सेकू, लियोंचा, ट्राम चालवणारा, आईवडील आफ्रिकेतल्या माली देशाचे. मी निल्झा, आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरच्या आईची लिस्बनची लेक, रॉटरडॅमला बेकरीत कामाला.

"आमच्या फ्रान्समध्ये रस्त्यात अडवून खिसे तपासतात," तो म्हणाला. "लिस्बनला?"

"लाडाने विचारतात, इतकी छान पोर्तुगीज कुठे शिकलीस? मी म्हणते, आईच्या पोटात."

"आणि रॉटरडॅमला?"

"फोनवर भाड्याचं घर रिकामं असतं. मी दारात पोचेपर्यंत भरतं."

"तुम्ही जिंकलात. बक्षीस म्हणून माझ्याकडून कॉफी... रॉटरडॅमला."

"तुमचं तिकीट तर वाटेतल्या अँटवर्पपर्यंतचंच दिसतंय."

"पुढचं काढतो की."

मग हिवाळाभर तो येत राहिला. कॉफीची जेवणं झाली, 'तुम्ही'चं 'तू' झालं. आणि परवा, नदीकाठी गारठ्यात चालताना त्याने विचारलंच, "लियोंला येतेस? कायमची?"

मला जायचं तर मनापासून होतं. पण...

"माझा अपमान मी गिळते रे," मी शेवटी म्हटलं. "तुझा होताना रोज बघवेल का मला?"

वारा बोचत होता, त्याची बोटं गारठून आखडली होती.

"हात तरी खिशात घाल."

"सवय नाही. आईने लहानपणीच बजावलंय, रस्त्यात हात सगळ्यांना दिसले पाहिजेत."

एवढा उंच माणूस, आणि आईचं ऐकून अजून हात गारठवत होता. मी त्याचा हात धरला आणि माझ्या कोटाच्या खिशात घातला. तेवढ्यात पोलिसांची गाडी शेजारून जाताना हळू झाली. खिशात त्याची मूठ आवळली.

"निल्झा, बघतायत ते."

"बघू देत. खिसा माझा आहे."

गाडी पुढे गेली. त्याची मूठ सावकाश सुटली, बोटं माझ्या बोटांत आली.

"सेकू," मी म्हटलं, "लियोंला बेकऱ्या आहेत ना रे?"