चौथ्या टायरवरची खूण

देवराव ढोबळे टायर घ्यायला आले म्हणजे आधी आपली परीक्षा होणार, हे कोहक्याच्या टायरवाल्या गुलाबरावांना पाच मिनिटांत कळून चुकलं. देवराव प्रत्येक टायर उभा करत, नक्षीत नख घालून खोली बघत, मग बोटाच्या पेराने दोनदा टकटक करून कान लावत. जणू आतून कोणी 'ओ' देणार होतं.

सवयीचा गुलाम माणूस! भिलाईच्या पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये वीस वर्षं तपासनीस. शर्टाच्या खिशात पांढरा खडू कायमचा. माल पास झाला की त्यावर एक टिक, खाली आपला नंबर ४७, त्याखाली तारीख. सुरुवातीच्या काळात एका रशियन साहेबाचं बघून ते इंग्रजी सातावर आडवी दांडी मारायला शिकले होते, ती अजून सुटली नव्हती. आणि एक नियम त्यांनी घरीदारी पाळला होता: खूण झालेला माल परत तपासायचा नाही. एकदा पास म्हणजे पास. लहानपणी रमाच्या गृहपाठाच्या वहीवरसुद्धा ते खडूनेच टिक करत.

त्या रमासाठीच तर हे टायर होते. नंदिनी नगरला दिलेली ही एकुलती एक लेक. जावई श्यामराव तिथल्या चुनखडीच्या खाणीत. मागच्या खेपेला पोटातलं राहिलं नव्हतं, म्हणून या वेळी सगळे जीव मुठीत धरून होते. सोमवारी तिला आठवा लागणार, आणि आठव्यात गर्भारशीला वेस ओलांडू देत नाहीत. आणायचं तर अठरा फेब्रुवारीच्या रविवारीच. आणि फियाटचे टायर तर करवंटीसारखे गुळगुळीत झालेले. त्या रस्त्यावर दगडांचे ट्रक. देवरावांना नुसत्या विचाराने घाम फुटायचा.

शुक्रवारी दुपारी तीन टायर पास झाले, तिन्हींवर खूण झाली. चौथा भिंतीकडे तोंड करून उभा होता. देवरावांनी तो फिरवला, तर त्यावर टिक होतीच. खाली ४७. सातावर दांडी. तारखेच्या जागी चिखल वाळला होता.

"हा झालाच की," देवराव पुटपुटले. केव्हा झाला ते आठवेना. पण अक्षर तर आपलंच.

गुलाबराव जवळ आले. "साहेब, हा मी तुमच्यापुढे मांडलाच नोयता."

"मांडला असंल. माझी खूण आहे त्यावर."

"माह्या दुकानात हा कवा आला, तेच मले आठवून नाही राहिलं. दुसरा पाहा ना."

"एकदा पास म्हणजे पास, गुलाबराव. चढवा."

दोनदा टकटक करायची, एवढंच तर होतं. ती त्यांनी केली नाही.

घरी पत्नी प्रेमलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. देवरावांनी गाडी हातभर पुढे घेतली. तीन लिंबं चिरडली. मागच्या डाव्या चाकाखालचं चौथं तसंच गोल, टवटवीत राहिलं. वरून चाक गेल्याची खूणही सालीवर नव्हती.

"खड्ड्यात बसलं असंल," देवराव म्हणाले. अंगण सिमेंटचं होतं.

शनिवारी संध्याकाळी गाडी धुताना त्याच चाकाच्या नक्षीत त्यांना पांढरी भुकटी सापडली. चुनखडीची. अशी भुकटी नंदिनीखेरीज कुठे नाही, आणि दोन महिन्यांत गाडी तिकडे फिरकली नव्हती. त्यांनी काडीने कोरून ती काढली, टायर धुतला. चिखल निघाला आणि खालची तारीख दिसली.

१८.

बाकी तिन्हींवर १६ होती. देवराव उकिडवे बसून बघत राहिले. उद्याची तारीख त्यांनी आयुष्यात कधी टाकली नव्हती. ओल्या फडक्याने त्यांनी खूण पुसली. रबर सुकलं तशी ती परत वर आली, आधीपेक्षा ठळक.

रविवारी सकाळी नक्षी पुन्हा पांढरी होती. रात्रभर गाडी अंगणातच होती, चावी त्यांच्या उशाखाली.

"अहो, हे काय करून राहिले?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

"स्टेपनी लावतो. हा नको."

"काल त बरा होता. आज कावून नको?"

देवरावांनी पाना लावला. तो दोनदा सुटला. तो टायर त्यांनी पेरूच्या झाडाखाली टाकला आणि त्याच्याकडे पाठ न करता गाडीत बसले.

रस्ताभर त्यांनी गाडी मुंगीच्या पावलाने चालवली. काही झालं नाही. कुठे ट्रक आडवा आला नाही, जुना टायरही फुटला नाही. नंदिनीच्या वळणावर त्यांचा श्वास पहिल्यांदा मोकळा झाला. टळलं, असं ते मोठ्याने म्हणालेसुद्धा.

रमाच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या अंजनाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय इसरलं, भाऊ?"

"रमा कुठं आहे?"

अंजनाबाई हसल्या. मग त्यांचं हसू विरलं.

"अशी थट्टा करतात का? घंटाभर नाही झाला, तुमीच त नेलं तिले. याच गाडीत."

"मी?"

"नाहीत कोन? जावई सकाळच्या शिफ्टले गेले आन् तुमी आले. एक शब्द बोलले नाही. मी चहाचं इचारलं, त तरी नाही. रमा मले म्हने, बाबा असे कावून पाहून राहिले?"

देवरावांनी भिंतीला हात टेकला.

"भेली होती थोडी. मंग तुमी दारावर खूण केली, त हासली. म्हने, बाबाच आहेत. आन् बसली गाडीत."

अंगणातल्या पांढऱ्या भुकटीत चाकांचे माग होते. तीन पुसट, एक खोल. ते भिलाईच्या रस्त्याला लागले नव्हते. खाणीकडे गेले होते.

देवराव दाराशी गेले. चौकटीवर खडूने ४७ लिहिलं होतं, सातावर दांडी. खाली १८.

वर टिक एक नव्हती. दोन होत्या.

दुसरी अगदी लहान होती, पहिलीच्या पोटात.