पिस्टनची अदलाबदल

चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक पाचला निघणार होती आणि सव्वाचारला माझा ट्रम्पेट मुका झाला. कितीही फुंकलं तरी गाल फुगायचे, आवाज नाही.

घणसोली गावात गल्लीच्या तोंडाशीच ‘बँडची वाद्ये दुरुस्त करून मिळतील’ अशी पाटी दिसली. आत एक तरुण तुतारीला पडलेला पोचा काढत बसला होता. विश्वजित, मूळचा साताऱ्याचा, हे नंतर कळलं.

“काय केलंत याचं?”

“बटणं उघडून तेल घातलं फक्त. पहिल्यांदाच.”

त्याने बटणांखालचे तिन्ही पिस्टन काढले आणि हसू दाबलं. “एक नंबर तीनच्या जागी, तीन नंबर एकच्या. भोकं जुळत नाहीत, हवा जाणार कुठून? आकडे कोरलेत वर... वाचता येतात ना?”

“क्लार्क आहे मी. दिवसभर आकडेच वाचते!”

“मग सुट्टीला वाचत नसाल.”

दोन मिनिटांत ट्रम्पेट बोलला. निघताना तो म्हणाला, “दर पंधरा दिवसांनी दाखवून जा. जुनं पितळ आहे.”

मी जात राहिले. तो काम करता करता सांगायचा.

“तुतारीला बटणं नसतात. ओठ आवळून, सैल सोडून निघतील तेवढेच सूर. दोनशे वर्षांपूर्वी युरोपातही तसंच होतं. वाजवणारे नळीचे जादा तुकडे जवळ ठेवायचे. पट्टी बदलली की तुकडा बदलायचा.”

“वाजवणं थांबवून?”

“थांबवून. मग जर्मनीत झडपा निघाल्या, हे पिस्टन त्यातलेच. बोट दाबलं की हवेची वाट लांबते.”

“म्हणजे थांबायची गरज उरली नाही.”

“वाद्याला नाही उरली. माणसाला...” तो म्हणाला आणि मान खाली घालून पुन्हा पोचा काढू लागला.

ऑगस्टमध्ये त्याच्या दुकानाची चाळ पाडायची ठरली. “शनिवारी खोली सोडायचीय,” तो म्हणाला. “साताऱ्याला चुलत्यांचं भांड्यांचं दुकान आहे, ते बोलावतायत. नेरूळला एक गाळा मिळतोय, पण...”

“पण काय?”

“बघू.”

त्याच संध्याकाळी सरावाला आमचे बँडमास्तर बाबासोकाका म्हणाले, “पंधरा दिवसांनी? कोण बोलला तुला? घरी तेल घालतेस ना, मग वर्षातून एकदा दाखवलंस तरी बास!”

मी मोजलं. आठ वेळा गेले होते.

शुक्रवारी गेले तेव्हा सामान खोक्यांत भरलेलं होतं. “वाजत नाही,” म्हणत मी ट्रम्पेट पुढे ठेवला.

त्याने पिस्टन काढले. एक नंबर तीनच्या जागी, तीन नंबर एकच्या. त्याने आकड्यांवरून अंगठा फिरवला.

“संघप्रिया... हे चुकून झालेलं नाही.”

“नाही. आणि तुमचे ते पंधरा दिवस?”

त्याचे कान लाल झाले. “तेही... नाही.”

“मग साताऱ्याला कशाला जाताय?”

“इथं राहायला काहीतरी कारण पाहिजे ना. विचारणार होतो. पण तू नाही म्हणाली असतीस तर?”

‘तू’ पहिल्यांदाच आलं होतं.

“विचार तरी.”

“उद्या नेरूळचा गाळा बघायला येशील? गिऱ्हाईक म्हणून नाही... तुला पसंत पडतो का बघायला.”

“येईन. आधी हे जुळव.”

त्याने एक नंबरचा पिस्टन बसवला आणि तीन नंबरचा माझ्या हातात दिला. मी आकडा वाचला, नीट बसवला, फुंकर मारली. सूर जरा चिरकाच निघाला.

त्याने खोक्याची दोरी सोडली आणि आतून चहाचे दोन कप बाहेर काढले.