अंगठ्याची जागा

गिटारच्या दांडीचं लाकूड मी डोळ्यांनी घेत नाही, कानांनी घेतो. फळी दोन बोटांत अधांतरी धरायची आणि बोटाच्या पेरानं टकटक करायची. नाद लांबला तर लाकडाच्या रेषा सरळ. मध्येच बसला तर आत कुठंतरी खोट. वखारवाला दर वेळी विचारतो, "काय, उघडलं का कुणी दार?"

त्या दिवशी मेपलच्या एका फळीचा नाद असा लांबला, की तोही थट्टा विसरला. मी तिचे दोन तुकडे केले. एक बायकोच्या गिटारसाठी, एक माझ्या. माझा तसाच, चौकोनी, मांडणीवर ठेवून दिला.

बायकोच्या हाताच्या मापाचा पत्र्याचा साचा माझ्याकडे आहे. रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. संध्याकाळी दांडीच्या पाठीवर साचा असा बसला, की उजेडाची फट नाही. देवाचं नाव घेऊन घराखालच्या कारखान्याला कुलूप लावलं.

सकाळी फट होती. सुराची तिसरी पट्टी, म्हणजे पडदा, जिथं येतो त्याच्या मागे, जरा एका अंगाला, उथळ खळगा.

"अहो, हात थरथरायला लागला तुमचा," बायको हसली.

"हात थरथरला तर खाच पडते. हे गुळगुळीत आहे बघ."

"असू दे. हाताची पाच बोटं तरी कुठं सारखी असतात? लावा तशीच."

मी कसला ऐकतोय! सगळी पाठ खळग्याइतकी उतरवली. सकाळी खळगा पुन्हा तिथंच. हवा दमट म्हणावी, तर बाकीची दांडी सुतात, सरळ. आणखी रंधली असती तर आतली पोलादी सळई उघडी पडली असती. शेवटी ती कोपऱ्यात उभी केली.

पुढं बायकोचा डावा अंगठा गाडीच्या दारात सापडला. प्लास्टर निघालं, अंगठा वाकडाच राहिला. गिटार धरली की कळ थेट मनगटात. तिनं एकेक गिटार खोक्यात घातली.

"देवानं इतकी वर्षं वाजवू दिलं की," एवढंच म्हणाली. मला ते ऐकवेना. तिचं वाजवणं हाच आमच्या घराचा दिवा.

एका दुपारी ती चहा घेऊन खाली आली. कोपऱ्यातली दांडी सहज उचलली आणि थांबली.

"अहो."

वाकडा अंगठा खळग्यात बसला होता. जुन्या चपलेत पाय बसावा तसा.

"दुखतंय?"

"अजिबात नाही. केव्हा केलीत ही?"

"तुझा अंगठा धड होता तेव्हाची आहे. आणि खळगा मी केलेला नाही."

तिनं दांडी कपाळाला लावली. "ज्यानं केला त्याला माझा नमस्कार सांगा," म्हणाली.

दांडी जोडली. आता रोज वरच्या खोलीतून सूर उतरतात, आणि खाली माझं काम नामस्मरणासारखं चालतं. मागायला काही उरलं नाही.

काल वाटलं, आता आपलीही करू. करवतीचं यंत्र सुरू केलं. मांडणीवरचा तुकडा उतरवला. अजून रंधाही न लागलेला.

एका अंगाला अंगठ्याचा खळगा होता. पलीकडच्या अंगाला बोटांचे.

डावा हात ठेवून बघितला.

अंगठा बसला. तीन बोटं बसली.

करंगळीला तेवढी जागा नव्हती.

वर सूर छान लागला होता. शेजारी करवत फिरत होती.