दूरच्या जाळीतले फटके

"माझे अडवलेले फटके कुणीतरी चोरतंय!"

दारिया मेल्निचुकने दारातूनच सांगून टाकलं. बुटांवरचा बर्फ झटकायचीही शुद्ध नव्हती पोरीला. गावच्या बर्फावरच्या हॉकी संघाची ती गोलरक्षक, आणि उद्या सकाळी प्रशिक्षक मर्व्ह तिला संघातून काढणार होता.

गुप्तहेर विल्मा हूकस्ट्राने आकड्यांचे कागद पसरले. परगावी दारिया शंभरातले ब्याण्णव फटके अडवायची. घरच्या मैदानावर पहिल्या नि तिसऱ्या सत्रातही तेवढेच. फक्त मधल्या सत्रात ऐंशी.

"मधे डुलकी लागत असेल," बॉइड म्हणाला. मैदानावरचा बर्फ घासायचं यंत्र त्याने तीस वर्षं चालवलं होतं. आता तो विल्माच्या मागे हिंडायचा.

"सामन्याचं चित्रीकरण?" विल्माने विचारलं.

"मुलींच्या सामन्याला कॅमेरा कोण आणतंय!" दारिया फणकारली.

दुपारी मैदान रिकामं होतं. छतातून दुधी उजेड झिरपत होता. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असं बॉइडला वाटून गेलं.

मर्व्ह म्हणाला, "मी कागदावरचे आकडेच बघतो. पोरगी आवडते मला, पण करू काय?"

नोंदी टंकणारी लोर्ना ही राखीव गोलरक्षकाची आई. बॉइडने डोळे बारीक केले. तिने पेन्सिलीचे मूळ तक्ते आदळले. "घ्या, ताडून बघा!" सगळं जुळत होतं. पाहुण्या गोलरक्षकांचे आकडे मात्र उलटे होते. पहिल्या नि तिसऱ्या सत्रात ढासळलेले, मधल्यात छान.

तक्ते लिहायचे ते दारियाचे आजोबा ओस्टाप; युक्रेनी भाषेत आजोबा म्हणजे गिडो, म्हणून सगळे त्यांना गिडोच म्हणत. मैदानाच्या एका टोकाला, वरच्या काचेच्या खोलीत ते बसले होते.

"आत फार धुकं दाटलंय ना आज?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

बॉइडने पाहिलं. पलीकडच्या जाळीचे दोरेसुद्धा मोजता येत होते.

विल्माने सगळ्यांना तिथेच बोलावलं. "बॉइड, दर सत्रानंतर संघ काय करतात?"

"बाजू बदलतात. हे काय विचारणं झालं?"

"म्हणूनच कुणाला सुचलं नाही. दारिया मधल्या सत्रात त्या दूरच्या टोकाला असते. पहिल्या नि तिसऱ्यात तिथे पाहुणी असते. जी तिकडे जाते, तिचेच आकडे बिघडतात. गोल झाला की लाल दिवा लागतो, म्हणून गोल सगळे नोंदले जातात. अडवलेल्या फटक्याला दिवा नसतो. गिडो, आज धुकं नाहीये."

म्हाताऱ्याने पेन्सिल खाली ठेवली.

"डोळे गेलेत माझे. ही खुर्ची सुटेल म्हणून गप्प बसलो. पण न दिसलेलं लिहू कसं? माझीच नात ती, लबाडी झाली असती!"

मर्व्हने दारियाला वगळलेली उद्याची यादी खिशातून काढून फाडली.

दारियाचे डोळे भरून आले. "गिडो, म्हणजे तिकडे असताना मी तुम्हाला दिसलेच नाही कधी?"

"दिव्याकडे बघत बसायचो गं. तो लागला नाही की म्हणायचो, अडवलंन माझ्या पोरीने."