जोलाच्या मागे कोण?

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्या माळावर हे घडलं, त्याच्या कडेला मी आजही रोज पहाटे टॅक्सी लावून उभा असतो. आणि जिच्याबाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी. नोझुको.

दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, शहराच्या कडेला आमची वस्ती आहे. मसिपाने. वस्ती आणि हमरस्ता यांच्यामध्ये एक माळ लागतो. मधोमध ओढा. ओढ्यावर फळ्यांचा पूल. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेलं लव्हाळं. शहरात कामाला जायचं तर हा माळ तुडवूनच टॅक्सी गाठावी लागते.

दुसरी वाट नाही.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यात आमच्याकडे पहाटे मिट्ट काळोख असतो. मावशी हमरस्त्यावर गरम ग्विन्या विकायची, मैद्याचे तळलेले गोळे. तिची एकुलती एक मुलगी लिंदेल्वा इस्पितळाच्या स्वयंपाकघरात कामाला. वस्तीतल्या दहा-बारा बायकांसोबत मायलेकी माळ ओलांडायच्या. लव्हाळ्यात लुटारू दबा धरून बसायचे. मोबाईल तर जायचाच, कधी जीवही जायचा. लेक टॅक्सीत बसेपर्यंत मावशी चूल पेटवायची नाही.

पूर्वी माळाच्या तोंडाशी पोलीस चौकी होती. पत्र्याची खोली, दोन शिपाई, एक गाडी. मग वरून पैसा आटला. आधी गाडी गेली. मग एक शिपाई गेला. ठाण्याला फोन लावला की उत्तर ठरलेलं. गाडी असली तर डिझेल नाही. डिझेल असलं तर ड्रायव्हर रजेवर. दोन्ही असले तर गाडी दुसऱ्याच वस्तीत गेलेली.

उरला एकटा जोला.

जोला हे त्याच्या कुळाचं नाव. आमच्यात माणसाला मान द्यायचा तर कुळाच्या नावाने हाक मारतात. पन्नाशीचा गडी, पोट सुटलेलं, पायात जाडजूड बूट. टॉर्चमध्ये सेलसुद्धा स्वतःच्या खिशातून घालायचा. तो टॉर्च मध्येच विझायचा. मग जोला तो तळहातावर दोनदा आपटायचा.

टक टक.

की पुन्हा उजेड.

"शिट्ट्या गळ्यात घातल्या ना गं सगळ्यांनी? ओळीनं चला. मी शेवटी," तो रोज बजावायचा.

"शेवटी का ताता? पोलीस ना तू? रुबाबात पुढे चाल की," लिंदेल्वा त्याला चिडवायची. वडीलधाऱ्याला आम्ही ताता म्हणतो.

"पुढचा पडला तर मागचे ओरडतात, पोरी. मागचा पडला तर कुणाला पत्ताच लागत नाही. शेवटच्याला एकटं सोडायचं नाही, लक्षात ठेव."

"आणि तुझ्या मागे कोण?"

"माझ्या मागे? अख्खं सरकार!"

हसून हसून बायकांची पुरेवाट झाली.

"म्हणजे कुणीच नाही," लिंदेल्वा म्हणाली. "थांब, एक दिवस मीच येते तुझ्या मागून."

"आधी तो बूट शिवून घे, बाई. तुझ्या आवाजानं चोरांची झोपमोड होते."

तिच्या डाव्या बुटाचा तळ सुटला होता. चालताना आवाज यायचा. टप... फट. टप... फट. मावशी रोज म्हणायची, आज शिवून आणते. रोज राहून जायचं.

मग ती पहाट आली.

बायकांना रस्त्यावर सोडून जोला एकटाच परत निघाला होता. मावशी रस्त्याकडेला चूल पेटवत होती. माळावर त्याच्या टॉर्चचा उजेड हलताना तिला दिसत होता. पुलाजवळ तो विझला. आता आपटेल, आता लागेल, म्हणून ती बघत राहिली...

उजेड पुन्हा लागला नाही.

ती धावत गेली. जोला पुलावर पडला होता. पोटात सुरा घुसलेला, कमरेचं पिस्तूल गेलेलं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ठाण्याला फोन लावला.

"तुमचाच माणूस आहे हो! जोला! लवकर या!"

"गाडी नाही, माई. आली की पाठवतो."

गाडी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. जोला केव्हाच गेला होता.

मावशी ठाण्यात गेली. त्याच्या जागी दुसरा माणूस द्या म्हणाली. साहेब बिचारा तरुण होता, त्याचेही डोळे लाल झाले होते. "भरती बंद आहे, माई. माझ्याकडेच माणसं नाहीत. कुठून देऊ?"

"मग आमच्या पोरींनी काय उडत जायचं?"

चौकीला कुलूप लागलं.

बायका तशाच जाऊ लागल्या, कधीमधी घरचे दोघे-तिघे बाप्ये सोबतीला. कामाला सुट्टी कोण देतो? एका पहाटे त्या पुलापाशी पोचल्या. आणि मागून...

टक टक.

मग बूट. थप्प... थप्प... थप्प. जडशीळ. शेवटच्या बाईच्या मागे, जोला चालायचा नेमके तेवढ्याच अंतरावर.

एकीने मागे बघायला मान वळवली, तशी शेजारच्या म्हातारीने तिचा दंड धरला.

"बघू नकोस! आपण मेलोय हे त्याला अजून कळलेलं नाही. कळलं तर जाईल."

मावशी सांगते, अंगावर काटा आला होता. पण त्या दिवशी लेक टॅक्सीत बसायच्या आधीच तिने चूल पेटवली.

आठवडाभराने लव्हाळ्यातून दोन पोरं सुरे घेऊन पुढे आली. बायका जागीच थिजल्या. मागून टक टक झालं. त्या पोरांनी बायकांच्या खांद्यांवरून मागे पाहिलं... आणि सुरे तिथेच टाकून धूम ठोकली. त्यांना काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हापासून बायका निर्धास्त झाल्या. "ताता आहे मागे," म्हणायच्या.

आणि मग जोलाच्या घरून माणूस आला.

आमच्यात कुणी घराबाहेर अवचित मेलं की घरचे त्याला न्यायला येतात. देह नव्हे, तो तर आधीच पुरलेला असतो. त्याचा जीव न्यायला येतात. उम्फाफा नावाच्या काटेरी झाडाची फांदी घेऊन, जिथे माणूस पडला नेमक्या त्या जागी उभं राहायचं. त्याला नावाने सांगायचं, चल, घरी जाऊ. मग फांदी घेऊन घरापर्यंत कुणाशी बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. जागा चुकली तर जीव तिथेच राहतो. आणि न्यायचं ते घरच्यांनीच. परक्याच्या हाताला तो येत नाही.

जोलाचा थोरला भाऊ आला होता. डोंगरापलीकडच्या गावाहून, बस बदलत बदलत. ठाण्यातून त्याला कुणी सोबत मिळालं नाही.

"कागदावर नुसतं 'कामावर असताना' लिहिलंय," तो म्हणाला. "कुठे पडला माझा भाऊ?"

जोलाचं डोकं मांडीवर घेतलं होतं मावशीने. तिनेच बोलायचं होतं.

तिच्या शेजारी लिंदेल्वा उभी होती. उद्या पहाटे तिला पुन्हा तो माळ ओलांडायचा होता.

मावशीने कुलूप लावलेल्या चौकीकडे बोट दाखवलं.

"इथे. या दारात."

लिंदेल्वाने आईचा हात घट्ट दाबला. "आई, काय करतेस?" ती कुजबुजली.

"गप्प बस."

भावाने पत्र्याच्या दारापुढे फांदी धरली. "चल रे भावा. आई वाट बघतेय. घरी चल." मग तो पाठ फिरवून निघाला, मुकाट, मान ताठ ठेवून. मावशीने कान देऊन ऐकलं. त्याच्या मागे बूट वाजले नाहीत.

तिला हायसं वाटलं. तेच हायसं वाटणं आज तिला जाळतं.

दुसऱ्या पहाटे माळावर टक टक झालं. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हळूहळू शिट्ट्या घरी खुंटीला राहू लागल्या. सोबत येणारी बाप्येमंडळी यायची थांबली. रांग विस्कटली. लिंदेल्वा तर मुद्दाम सगळ्यात मागे राहायची. म्हणायची, "आई, त्याला आपण अडकवून ठेवलंय. निदान सोबत तरी करू दे."

त्या दिवशी धुकं होतं. मावशी डोक्यावर पिठाची बादली घेऊन सगळ्यांच्या पुढे. मागून लेकीच्या बुटाचा आवाज येत होता. टप... फट. टप... फट.

पूल ओलांडला.

मागे टॉर्च वाजला. टक टक.

मग पुन्हा. टक टक टक टक टक.

जडशीळ बूट धावू लागले. मागे, पुढे, लव्हाळ्यात, पुन्हा पुलावर. जणू काय करावं ते सुचत नसल्यासारखे.

"कुणाला तरी हाकलतोय ताता," एक बाई म्हणाली. "चला, चला. मागे बघू नका."

कुणी मागे बघितलं नाही.

रस्त्यावर माझ्या टॅक्सीचे दिवे चालू होते. बायका एकेक करून उजेडात आल्या. मावशीने बादली खाली ठेवली आणि वळली.

"लिंदेल्वा?"

माळावर टॉर्च अजून आपटत होता. वेड्यासारखा. उजेड मात्र कुठेच नव्हता.

आम्ही धावलो. मीही होतो. ती लव्हाळ्यात सापडली, पुलापासून हाकेच्या अंतरावर. काय झालं होतं ते मी सांगणार नाही. डावा बूट पायात तसाच होता. शिट्टी घरी खुंटीला होती.

ठाण्याला फोन मी लावला.

"गाडी नाही, भाऊ," पलीकडचा म्हणाला. "खरंच नाही रे."

मला त्याचा रागही धड आला नाही. तो तरी काय करणार होता? आणि जोला तरी? जिवंतपणी एकटा होता, मेल्यावरही एकटाच. भित्रे होते ते त्याच्या आवाजाला पळाले. जे पळाले नाहीत, त्यांना धरायला त्याला हात कुठे होते?

लिंदेल्वाला पुरल्यावर मावशी फांदी घेऊन माळावर गेली. मी लांब उभा राहिलो. तिने लव्हाळ्यातल्या त्या जागेवर फांदी धरली.

"लिंदेल्वा, मी आई. चल बाळा. घरी चल."

ती निघाली. मागे न बघता. आणि तिच्या मागून...

टप... फट. टप... फट.

मी माझ्या कानांनी ऐकलं. दिवसाढवळ्या, रिकाम्या वाटेवर. मावशीच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पण ती चालत राहिली. माळ संपला. वस्तीचं पहिलं घर आलं. आता चार पावलं.

तेवढ्यात पुलाकडून आवाज आला.

टक टक.

लेकीची पावलं थांबली.

मावशीही थांबली. बोलायचं नाही, वळायचं नाही. ओठ दाताखाली धरून नुसती उभी. किती वेळ, कुणास ठाऊक. मग पावलं पुन्हा वाजू लागली. पण आता ती लांब जात होती. माळावर बूट चालू लागले. थप्प... थप्प... आणि त्यांच्या मागून टप... फट.

शेवटच्याला एकटं सोडायचं नाही.

फांदी मावशीने घरी आणली. लेकीच्या पलंगावर ती अजून आहे, वाळलेली.

मग तिने जोलाच्या भावाचा नंबर मिळवला आणि फोन लावला. सगळं खरं खरं सांगितलं. पाया पडते म्हणाली, पुन्हा या, पुलावरून त्याला घेऊन जा. तो घरी गेला तर माझी पोर मोकळी होईल.

मग भाऊ हळू आवाजात म्हणाला, "ताई, मी फांदी घेऊन घरी आलो. बकरा कापला. भावाला घरात घेतलं. आईने त्याच्याशी बोलून मग प्राण सोडला."

"पण तो इथेच आहे हो..."

"मग त्या दिवशी माझ्या मागून घरात कोण आलं?"

फोन बंद झाला. नंतर तो नंबर कधी लागलाच नाही.

चौकीचं कुलूप गंजलं आहे. भरती अजून बंद आहे. बायका अजून तोच माळ ओलांडतात, कारण दुसरी वाट नाही. शिट्ट्या पुन्हा गळ्यात आल्या आहेत. मावशी आता सगळ्यात शेवटी चालते. रस्त्यावर आली की बादली खाली ठेवते आणि काळोखाकडे तोंड करून रोज एकच गोष्ट विचारते.

"लिंदेल्वा, तुझ्या मागे कोण आहे गं?"

उत्तर कधी येत नाही. फक्त तिकडे चाललेलं टप... फट... थांबतं.

कुणीतरी मागे वळून बघितल्यासारखं.