भिंतीवरचं झबलं

सातवा महिना लागला तेव्हा मी बाळाच्या खोलीच्या भिंती सजवायला घेतल्या. खोली कसली, स्वयंपाकघराला लागून असलेली अडगळीची जागाच ती. नवऱ्याने तिला फिकट हिरवा रंग दिला, खिडकीचं अडकणारं दार घासून सरळ केलं, आणि मग त्या कोऱ्या भिंती दोघांनाही खायला उठल्या. बाजारातल्या तयार चित्रांच्या किमती बघून नवरा म्हणाला, "एवढ्यात तर बाळालाच कुणी फ्रेम करून देईल."

बसथांब्यामागे जुन्या वस्तूंचं एक दुकान होतं. कामावरून येताना मी तिथे उतरायला लागले. भरतकामाच्या लाकडी रिंगा मिळाल्या, त्यांच्यात जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड ताणून बसवलं. पोचे आलेल्या केकच्या साच्यांना पांढरा रंग देऊन चंद्र केले. पानं सुटलेल्या नकाशाच्या पुस्तकातून पक्षी कापले आणि दोऱ्यात ओवून खिडकीशी टांगले. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचेवर थेंब पसरवायचा, रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हात स्थिर असतो, कात्रीला त्याचा उपयोग झाला.

झबलं सापडलं ते पडद्यांच्या टोपलीत, अगदी तळाशी. फिकट पिवळं, पुढे बांधायच्या नाड्या, पसरलेल्या पंजापेक्षा जरासंच मोठं. घड्या अजून इस्त्रीच्या होत्या.

"कोरं आहे," दुकानदारीणबाई चष्मा नाकावर चढवत म्हणाल्या. "कुणाच्या अंगाला लागलेलं नाही. बघा ना, नाड्यांना गाठसुद्धा कधी पडलेली नाही."

मी ते एका खोलगट फ्रेममध्ये बसवलं. पुठ्ठ्यावर दोन्ही बाह्या पसरून टाचण्या मारल्या, वर काच, मागून चारही कडांना कागदी पट्टी चिकटवली. पाळणा जिथे ठेवायचा होता त्याच्या वरच नवऱ्याने खिळा ठोकला. फ्रेम लावून तो दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून म्हणाला, "या, थोरले."

तेव्हापासून ते नावच पडलं. एसटी डेपोतली ड्यूटी संपवून आला की नवरा विचारायचा, "थोरले काय म्हणतात?" आम्ही हसायचो.

सासूबाई बाळंतपणासाठी राहायला आल्या. रिंगा, चंद्र, पक्षी, सगळ्याचं त्यांनी तोंडभर कौतुक केलं. फ्रेमपाशी मात्र थांबल्या.

"अगं, रिकामं झबलं कशाला भिंतीला? आत अंग नाही, वर डोकं नाही."

"आई, चित्र समजा की."

त्यानंतर खोलीत कपडे वाळत घालताना त्या फ्रेमकडे पाठ करून उभ्या राहायच्या.

पहिल्यांदा मला दिसल्या त्या झबल्याच्या काखेतल्या चुण्या. कडक इस्त्रीचं कापड तिथे मऊ पडून गोळा झालं होतं. दमट हवा, मी म्हटलं. मग एका सकाळी काचेवर वाफ दिसली, गळ्याच्या किंचित वर, नाण्याएवढी गोल. मी ओढणीने पुसली. पुसली गेली नाही, कारण ती आतून होती. भिंतीला ओल असेल म्हणून हात लावून पाहिला, तर भिंत कोरडी ठणठणीत. मी बघत असतानाच तो गोल आक्रसला, पुन्हा पसरला.

मी लॅबला निघून गेले. दुसरं काय करणार?

त्याच आठवड्यात तपासणी होती. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर पुन्हा पुन्हा मापं घेतली. एरवी त्या तपासताना गप्पा मारायच्या.

"बाळाचं वजन मागच्या वेळेइतकंच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवता ना नीट?"

"दोघांचं जेवते," मी म्हटलं.

"मग ते जातंय कुठे?" त्या सहज म्हणाल्या आणि लिहू लागल्या.

घरी आले तर झबल्याच्या छातीवर डाग होता. पिवळसर, ओला. मी फ्रेम उतरवली. मागची पट्टी जशीच्या तशी चिकटलेली, कुठे कोपराही सुटलेला नाही. ब्लेडने ती कापून पुठ्ठा उचलला, तर आतून वास आला. तान्ह्या मुलाच्या टाळूला येतो तसा. एक क्षण मी डोळे मिटून तो वास घेत राहिले, आणि मग माझी मीच चरकले. डाग खरवडून छोट्या बाटलीत घेतला. फ्रेम पुन्हा बंद केली. ती मी परत खिळ्यावर का लावली, ते मला आजही सांगता येणार नाही. जमिनीवर ठेववेना, एवढंच.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काच तयार केली. स्निग्धाचे गोल थेंब, त्यांच्यात मोठ्या, फेसाळ पेशी. मला दिसत होतं, तरी मी आमच्या मोठ्या मॅडमना बोलावलं.

त्यांनी डोळा लावला. "चीक आहे हा. बाळंतिणीचा, अगदी सुरुवातीचा. कुणाचा आहे?"

"एका पेशंटचा," मी म्हटलं.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या आणि आपल्या टेबलाशी गेल्या.

पुढच्या तपासणीत वजन थोडं उतरलेलं निघालं. पोटातली हालचाल मंदावली होती. दुपारी मी खोलीत गेले. झबलं पुठ्ठ्यावर सपाट राहिलं नव्हतं. पुढून फुगून ते काचेला टेकलं होतं. बाह्यांच्या टाचण्या निघून तळाशी पडल्या होत्या. आणि नाड्यांना गाठ बसली होती, घट्ट.

मी फ्रेम पिशवीत घातली आणि तशीच दुकानात गेले. वाटेत माझ्या लक्षात आलं की मी पिशवी हाताला लटकवलेली नाही. कडेवर घेतली आहे.

दुकानदारीणबाईंनी मागून फ्रेम उघडली, झबलं हातात घेतलं, गळ्याची किनार उलटून पाहिली.

"हे परत घेता येणार नाही. वापरलेले कपडे आम्ही परत घेत नाही."

"वापरलेलं नाही हो. काचेत होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पोटाकडे. "बाई, दूध ओकलंय यावर. आणि शिवणी बघा, सगळ्या तटतटल्यात. लहान होतंय आता हे. दुसरं मोठं दाखवू का?"

मी ते हिसकावून घेतलं, फ्रेममध्ये कोंबलं आणि घरी परत आणलं.

त्या दिवशी नवऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, तो हसेल. हसला नाही. वाफ त्यालाही दिसली होती, मी घाबरेन म्हणून बोलला नव्हता.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. तो फ्रेम घेऊन खाली गेला. मी खिडकीत उभी राहिले. गाडीच्या मागच्या लोखंडी जबड्यात त्याने फ्रेम टाकली. जबडा हळूहळू मिटला.

काच फुटल्याचा आवाज आला. बाकी काही नाही.

तो वर आला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही."

"सांग ना."

"जड होतं गं," तो म्हणाला. "फ्रेम हलकी होती. झबलं जड होतं."

थोरले हा शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही. खिळा उपटून त्याने भोक बुजवलं आणि वर रंग लावला. त्या दिवसापासून सासूबाई खोलीत मोकळ्या वावरू लागल्या.

वजन वाढलं. डॉक्टरबाई पुन्हा गप्पा मारू लागल्या. दिवस भरले आणि मुलगी झाली, गुटगुटीत, काळ्याभोर केसांची. नवरा तिला हातात घेऊन रडला. मीही रडले.

आता ती दीड महिन्याची आहे. छान पिते, छान झोपते. नर्सने शिकवलं तसं मी तिला आधी उजव्या अंगावर घेते, मग डाव्या. उजवीकडे पोटभर पिते. डावीकडे घेतलं की चोखते, सोडते, रडायला लागते. सासूबाई म्हणतात, एखादीला एका अंगाला कमीच असतं दूध. विचारणाऱ्यांना मीही तेच सांगते.

पण रोज सकाळी मला जाग येते ती डाव्या अंगाच्या ठणक्याने. भरून दगड झालेलं असतं. मी उठते, केस बांधते, पाळण्यापाशी जाऊन तिला उचलते. तेवढ्यात ठणका थांबलेला असतो, अंग हलकं झालेलं असतं.

आणि कपड्यावर एक थेंबही सांडलेला नसतो.