केसरबाईची दुनळी

चंद्रपुरात जटपुरा गेटजवळच्या गल्लीत रईसचं जुन्या बंदुका घेण्या-विकण्याचं परवानाधारक दुकान होतं. बायको निशातही गल्ल्यावर बसायची. बंदुकीची हालत जशी असेल तशी सांगायची, ही रईसची ख्याती. नळीला गंज असला तर गंज, सांधा ढिला असला तर ढिला. या खरेपणावरच निशातचा जीव जडला होता.

होळीनंतर चामोर्शीकडची केसरबाई मेलेल्या नवऱ्याची घोडेवाली दुनळी विकायला आली. बार काढायचा तर आधी दोन्ही नळ्यांचे घोडे अंगठ्याने मागे चढवायचे, अशी जुन्या धर्तीची बंदूक. रईसने नळ्या उजेडाकडे धरल्या, मग निशातनेही पाहिल्या. आरशासारख्या. अक्रोडाच्या दस्त्यावर गाल टेकून टेकून उथळ खळगा पडला होता.

"पोराच्या नावावर काऊन नाई करत, बाई?" निशातने विचारलं.

"नको. घरधन्यानं मरेस्तोवर कोणाले हात लावू नाई देला. मले बी नाई." केसरबाई गेली, ती मागे वळून न बघता.

जिवतीचे बापूराव पिकात येणाऱ्या रानडुकरांसाठी बंदूक शोधत होते. रईस म्हणाला, "नळीत खड्डे हायेत, भाऊ. तुमच्या कामाची नाई."

निशात चमकली. पुढच्या गिऱ्हाइकाला त्याने चाप अडकतो म्हणून सांगितलं. त्याच्या पुढच्याला, दस्त्याला तडा आहे.

"खोटं काऊन बोलून राह्यले?"

"कोण्या आंडूपांडूच्या हाती नाई द्यायची तिले."

निशातबद्दल तो इतक्या मायेने कधी बोलला नव्हता.

दुपारभर तो तेलाचं फडकं घेऊन बसायचा, दस्त्याला गाल लावून, डोळे मिटून. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. बाई असती तर झिंज्या धरता आल्या असत्या. लाकडाशी काय भांडणार?

शुक्रवारी तो नमाजला गेल्यावर तिने काचकागद घेतला आणि खळगा घासून सपाट केला. भुसा पुसला, तेल लावलं.

रईस आला, बंदूक उचलली, गाल टेकला आणि हसला.

खळगा होता. आधीपेक्षा खोल. निशातच्या बांगड्यांत अजून भुसा अडकलेला होता.

तिने बापूरावांना फोन लावला. "यांचं ऐकू नका, भाऊ. नळ्या साफ हायेत. पुढच्या जुम्म्याले दुपारी या."

ते आले. तिने बंदूक उघडून रिकामी असल्याचं दाखवलं, बंद करून हातात दिली. त्यांनी ती खांद्याला लावली आणि तोंड झटक्यात बाजूला घेतलं.

"गाल नाई बसत, बाई. थंडगार लागते."

"कसा नाई बसत?" तिने दाखवायला म्हणून स्वतः खांद्याला लावली.

बसला. खळगा तिच्याच गालाच्या हाडाचं माप घेऊन कोरल्यासारखा. लाकूड ऊबदार होतं. गालाला गाल लागावा तसं.

"मग देता का?" बापूरावांनी विचारलं.

"नळीत खड्डे हायेत, भाऊ."

आवाज तिचाच होता.

बापूराव तिच्याकडे बघतच राहिले. मग चपला घालून निघून गेले.

दारात रईस उभा होता. कधी आला, तिला कळलं नाही.

"निशात, इकडे दे तिले."

तिने दिली नाही. बंदूक तशीच खांद्याला ठेवून ती वळली आणि नळ्यांवरून त्याच्याकडे पाहिलं.

रईस तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. तो घोड्यांकडे बघत होता.

दोन्ही चढलेले होते. तिने त्यांना हात लावला नव्हता.